गाळलेली अक्षरं

उरेब्रो शहर, सन त्र्याहत्तर, फेब्रुवारी.
तेवीस अक्षरं, तीन-तीनच्या जुड्या:
बारा हजार एकशे सदुसष्ट.
साहेब म्हणाले, यातलं वाईट तेवढं वेचून काढा,
उद्या कुणाच्या गाडीच्या ढुंगणावर
सरकारी खर्चाने शिवी नको.

काम मिळालं इंगेगर्ड लुंडहोल्मला.
सव्वीस वर्षांची, प्रवचनकाराची मुलगी.
तिच्या घरी सैतानालासुद्धा नुसतं 'ते' म्हणत,
जुन्या बायका नवऱ्याला म्हणत तसं.

तांदूळ निवडावेत तशी ती निवडू लागली.
एफ-ए-एन: सैतान. बाजूला.
ए-पी-ए: माकड. बाजूला.
टी-ओ-ए: संडास.
एफ-यू-एल म्हणजे त्यांच्यात कुरूप,
म्हणून तोही खडा ठरला.
आपल्याकडे तेच फुललं असतं,
पण हे तिला कोण सांगणार?

अडचण अशी, की खऱ्या शिव्या तिला येतच नव्हत्या.
मग पाट्या ठोकणाऱ्या कारखान्यातून
रूने नावाचा माणूस बोलावला,
अकरा वर्षं बोटीवर काढलेला.
कॉफीच्या कपात बघत तो एकेक सांगायचा,
ती टाइप करायची.
"आणि हे नक्की कुठल्या अवयवाचं?"
त्याचे कान लाल व्हायचे, तिचे नाही.
तिसऱ्या दिवशी, डॅनिश शिव्यांपाशी,
रूनेने हात टेकले.

एम-यू-टी तिने निर्धास्त जाऊ दिलं.
हसलात ना?
त्या बर्फात हसणारं कुणी नव्हतं.
एखादा भूगोलाचा मास्तर, एखादी सुईण
ती पाटी मिरवत
सुखाने म्हातारे झाले असतील.

एकोणऐंशीत तिने स्वतः गाडी घेतली,
जुनी व्होल्वो, मोहरीच्या रंगाची.
नंबर गाडीसोबतच आला:
बी-ओ-के चारशे अठरा.
बूक. तिच्या भाषेत पुस्तक,
शिवाय एक झाड, गुळगुळीत खोडाचं.
तिला वाटलं, देव पावला.
आपल्याला यात फार तर
शेपूट तुटलेला बोका दिसतो.

पण तिच्या इमारतीत तळमजल्यावर
तुर्की माणसं राहायला आली, कुलू गावची.
मुलं गाडीमागे धावायची, हात हलवायची.
खिडकीतल्या बाया डोईचा रुमाल
तोंडात कोंबायच्या.
इंगेगर्डही हात हलवायची.
वडिलांना तिने पत्रात लिहिलं:
फार हसरी माणसं आहेत.
दुरसून गॅरेजवाला तर तिची गाडी
पैसे न घेता धुऊन द्यायचा,
पाटी विशेष घासून.

सोळा वर्षं.

मग दुरसूनची धाकटी, नेसिबे,
तिच्याच खात्यात नोकरीला लागली.
पहिल्या आठवड्यात तिने यादी वाचली,
दुसऱ्यात दार लोटून घेतलं.
"बाई, तुमचं ते पुस्तक," म्हणाली, आणि अडली.
मग सांगून टाकलं:
आमच्यात ते लंगोटात सापडतं.

इंगेगर्डने चष्मा काढून पुसला.
सोळा वर्षांचे रविवार
चर्चच्या आवारात लावलेले,
पाटी रस्त्याकडे करून.
"म्हणजे ते हात हलवणं..."
"हो."
"आणि तुझे वडील घासायचे ते?"
"त्यांना वाटायचं, तुम्हाला माहीत आहे.
यादीवाली बाई, एवढी अधिकारी,
मुद्दाम मागून घेतला असेल."

बी-चं पान उघडंच होतं.
नेसिबेने पेन पुढे केलं.
इंगेगर्ड म्हणाली, राहू दे.
नियमाप्रमाणे तक्रार लेखी लागते,
आणि तक्रार कुणाचीच नाही.

संध्याकाळी गाडी वळणावर आली.
मुलं कठड्यावर, आता मिशा फुटलेली.
सवयीने त्यांनी हात केला.
तिने काच खाली घेतली
आणि आयुष्यात पहिल्यांदा
तसला शब्द मोठ्याने उच्चारला,
चारशे अठरासकट.

क्षणभर कुणी हसलंच नाही.
मग थोरला उठून खिडकीशी आला,
अदबीने वाकला.
"ओ आखूड, बाई," म्हणाला.
"बूक नाही. बोक."